भारताच्या संविधानाची शासकीय आवृत्ती: काय मिळतं, काय मिळत नाही, आणि वाचायची कशी

केंद्रीय विधी व न्याय मंत्रालय राज्यघटनेचा अद्ययावत पाठ आपल्या संकेतस्थळावर फुकट देतं. इंग्रजी पीडीएफ आहे, हिंदी आहे, मराठीसह इतर भाषांतलाही पाठ आहे. हे परीक्षण मुख्यतः इंग्रजी पीडीएफचं आहे आणि जोडीला मराठी आवृत्तीचं. मत आधीच सांगतो: घटनादुरुस्ती म्हणजे काय आणि केंद्राचे अधिकार कुठे संपतात हे खरोखर समजून घ्यायचं असेल, तर याच्या तोडीचं दुसरं पुस्तक नाही. गाईडं नंतर घ्या. पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायला बसलात तर पन्नाशीच्या अनुच्छेदांत कंटाळाल आणि दोष घटनेला द्याल. या पुस्तकाला वाचायची स्वतःची एक रीत आहे.

फाइल उघडली की आधी या आवृत्तीची प्रस्तावना वाचा (घटनेची उद्देशिका नव्हे). पाठ कोणत्या घटनादुरुस्तीपर्यंत अद्ययावत आहे ते तिथे लिहिलेलं असतं. २०२३ची १०६वी दुरुस्ती, म्हणजे महिला आरक्षणाची, त्यात धरलेली हवी. जुनी छापील प्रत किंवा कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल असेल तर प्रस्तावनेवरही विसंबू नका, तीन ठिकाणं उघडून बघा. जीएसटी परिषदेचा अनुच्छेद २७९क नसेल तर प्रत २०१६च्या आधीची आहे. अनुच्छेद ३४२क मध्ये खंड (३) नसेल तर २०२१च्या आधीची. ३३०क नसेल तर १०६वी दुरुस्ती त्यात नाही. मिनिटभराचं काम आहे, आणि मराठी प्रतीच्या बाबतीत तर ते टाळूच नये, कारण भाषांतरित प्रती इंग्रजीच्या मागे राहू शकतात.

अनुच्छेदांच्या आकड्यांचा घोळ इथेच मिटवून टाकू. १९५० साली ३९५ अनुच्छेद, २२ भाग आणि ८ अनुसूच्या होत्या. आजही शेवटचा अनुच्छेद ३९५च आहे, कारण नवा अनुच्छेद आला की तो जुन्या क्रमांकाला अक्षर जोडून बसवतात आणि काढलेल्याची जागा रिकामी ठेवतात. भाग चार-क, नऊ-क, नऊ-ख आणि चौदा-क असे चार भाग वाढले, भाग सात १९५६च्या सातव्या दुरुस्तीने गेला, म्हणून भाग २५. अनुसूच्या १२. मराठी पाठात जोड-अक्षरं क, ख, ग या क्रमाने येतात आणि इंग्रजीत ए, बी, सी. त्यामुळे वर्तमानपत्रात ‘५१ए’ किंवा ‘५१अ’ वाचलेलं मराठी प्रतीत ५१क म्हणून सापडेल.

आता या आवृत्तीचं खरं मोल: तळटीपा. घटनेत जिथे बदल झाला तिथे मजकूर चौकटी कंसात असतो, कंसाच्या सुरुवातीला बारीक आकडा असतो, आणि त्या आकड्याची टीप पानाच्या तळाशी. ‘इन्स.’ म्हणजे नवा मजकूर घातला, ‘सब्स.’ म्हणजे जुना काढून त्याजागी नवा आणला, ‘ऑमिटेड’ आणि ‘रेप.’ म्हणजे वगळला किंवा निरसित केला. मजकुरात तीन तारका दिसल्या तर तिथले शब्द काढून टाकलेले आहेत. टीपेतलं ‘एस.’ म्हणजे दुरुस्ती अधिनियमाचं कलम. घटनेच्या अनुच्छेदाशी त्याची गल्लत करू नका. ‘डब्ल्यू.ई.एफ.’ नंतरची तारीख म्हणजे बदल अमलात आल्याचा दिवस. दुरुस्तीचं वर्ष आणि ही तारीख वेगळी असू शकते. उद्देशिकेतच बघा: ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने आले, पण लागू झाले ३ जानेवारी १९७७ पासून.

बहुतेक वाचक तळटीपा ओलांडून पुढे जातात आणि नेमके तिथेच फसतात. अनुच्छेद २२ काढा. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून अटकेत ठेवण्याचा, हा अनुच्छेद. मजकुरात खंड (४) म्हणतो की सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ स्थानबद्ध ठेवता येणार नाही. खाली टीप आहे: १९७८च्या ४४व्या दुरुस्तीच्या कलम ३ने हा खंड बदलायचा आहे, तारीख अजून अधिसूचित व्हायची आहे. टीपेत बदललेला खंड पूर्ण छापलेला आहे आणि त्यात मुदत दोन महिन्यांची आहे. म्हणजे संसदेने दुरुस्ती मंजूर केली, राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण ते कलम लागू करण्याची अधिसूचना निघालीच नाही. ज्या पुस्तकात या टीपा गाळलेल्या असतात त्याच्या वाचकाला हे कधीच कळत नाही. बाजारातल्या काही खिशात मावणाऱ्या प्रतींत पानं वाचवण्यासाठी नेमक्या टीपाच उडवलेल्या असतात. अशी प्रत स्वस्त असली तरी घेऊ नका.

उलटा प्रकार अनुच्छेद १२४क, १२४ख आणि १२४ग यांचा. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठीचा राष्ट्रीय आयोग ९९व्या दुरुस्तीने आणला. मजकूर पानावर व्यवस्थित छापलेला आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ला ही दुरुस्ती रद्द ठरवली, आणि ते फक्त तळटीपेत आहे. अनुच्छेद ३६८चे खंड (४) आणि (५) तसेच. घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, असं ते म्हणतात. मिनर्व्हा मिल्स खटल्यात १९८० साली ते अवैध ठरले. घटनेतून मात्र कुणी काढले नाहीत, कारण न्यायालय मजकूर खोडत नाही. टीप न वाचता कुणी हे खंड वादात पुढे केले तर त्याचा सगळा मुद्दा पडतो.

आता अनुच्छेद ३६८ सावकाश वाचा, आणि वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. साध्या दुरुस्तीला प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर पहिली अट २७२ची. ४५० जणांनी मतदान केलं तर ३०० मतं हवीत. ३९० जणांनीच केलं तर दोन-तृतीयांश २६० होतात, पण तेवढ्याने भागत नाही, २७२ लागतातच. राज्यसभेत २४५ पैकी १२३ आणि वर दोन-तृतीयांश. दोन्ही सभागृहांचं मत जुळलं नाही तर संयुक्त बैठक हा मार्ग इथे नाही, दुरुस्ती पडली. आणि १९७१च्या २४व्या दुरुस्तीपासून राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते.

याच अनुच्छेदाच्या परंतुकात, म्हणजे मुख्य नियमाला ‘परंतु’ म्हणून जोडलेल्या अटीत, संघराज्याचं कुलूप आहे. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र आणि राज्यांच्या कार्यकारी अधिकारांची व्याप्ती, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतली कोणतीही सूची, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, जीएसटी परिषद, आणि स्वतः अनुच्छेद ३६८, यांना हात लावायचा तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचं अनुसमर्थन, म्हणजे संमती, लागतं. २८ राज्यांपैकी १४. विधिमंडळात साधं बहुमत पुरतं.

हे कुलूप मोडलं की काय होतं याचा सगळ्यात चांगला धडा महाराष्ट्रातल्या सहकाराला लागून आहे. ९७व्या दुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी भाग नऊ-ख आला: संचालक २१ पेक्षा जास्त नाहीत, मुदत पाच वर्षं, निवडणुका, लेखापरीक्षण, सगळं. फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाला. पण सहकारी संस्था हा राज्य सूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीतला, विषय आहे, नोंद ३२. राज्यांचा विषय आतून आवळला जात होता आणि निम्म्या राज्यांचं अनुसमर्थन घेतलंच नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ साली आणि मग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये हेच कारण देऊन राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता हा भाग बाद केला. बहुराज्य संस्थांना तो लागू राहिला. म्हणून साखर कारखान्याच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या वादात भाग नऊ-ख दाखवण्याआधी संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते बघा. राज्याच्या कायद्याखाली असेल तर छापलेल्या त्या पानांचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांच्याही नजरेतून सुटते. घटनेच्या मजकुरातला प्रत्येक बदल ३६८ खालीच होतो असं नाही. नवं राज्य करणं, सीमा किंवा नाव बदलणं हे अनुच्छेद ३ खाली साध्या कायद्याने होतं, आणि अनुच्छेद ४ स्पष्ट सांगतो की असा कायदा ३६८ च्या अर्थाने घटनादुरुस्ती मानायचा नाही. पहिल्या अनुसूचीतली महाराष्ट्राची नोंद काढा. तिथे एकाही जिल्ह्याचं नाव नाही. राज्य पुनर्रचना अधिनियम १९५६च्या कलम ८ मधला प्रदेश, त्यातून मुंबई पुनर्रचना अधिनियम १९६०च्या कलम ३ मधला प्रदेश वजा, एवढंच. एवढ्या मोठ्या लढ्यातून आलेलं राज्य घटनेत एका वजाबाकीने नोंदलेलं आहे, आणि त्याला घटनादुरुस्तीचा क्रमांक नाही. म्हणून १०६ हा आकडा दुरुस्ती अधिनियमांचा आहे, घटनेच्या मजकुरात झालेल्या सगळ्या बदलांचा नाही.

केंद्राचे अधिकार समजून घ्यायला माझ्या मते हा क्रम उत्तम: अनुच्छेद २४६, मग थेट पुस्तकाच्या शेवटाकडे जाऊन सातवी अनुसूची, मग परत येऊन २४८ ते २५४, आणि शेवटी ७३ व १६२. अनुसूचीत तीन सूच्या आहेत: संघ (केंद्राचे विषय), राज्य, आणि समवर्ती (दोघांचेही विषय). मूळ नोंदी अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७. राज्य सूची वाचताना रिकामे क्रमांक मोजत चला, राज्यांनी काय गमावलं ते दिसतं. ११, १९, २०, २९ या नोंदी ४२व्या दुरुस्तीने काढल्या. शिक्षण, वनं, वन्यप्राण्यांचं संरक्षण, वजनं-मापं आणि कनिष्ठ न्यायालयांची रचना समवर्ती सूचीत गेली. ५२, म्हणजे जकातीची नोंद, १०१व्या दुरुस्तीने गेली.

राज्य सूचीतली नोंद वाचून हा विषय राज्याचाच, असं लगेच ठरवू नका. आधी ‘च्या अधीन’ हे शब्द शोधा. पाणी राज्य सूचीत आहे, नोंद १७, पण संघ सूचीतल्या नोंद ५६च्या अधीन, म्हणजे आंतरराज्यीय नद्यांवर संसदेचा हात वर. खाणी, नोंद २३, संघ सूचीतल्या ५४च्या अधीन. उद्योग, नोंद २४, संघ सूचीतल्या ७ आणि ५२च्या अधीन. व्यापार, नोंद २६, समवर्ती सूचीतल्या ३३च्या अधीन. ही ३३वी नोंद अन्नधान्य, तेलबिया, वैरण, कच्चा कापूस अशा वस्तूंच्या व्यापाराची आहे आणि १९५४च्या तिसऱ्या दुरुस्तीने तिला आजचं रूप आलं. २०२०च्या कृषी कायद्यांच्या वेळी केंद्राचा आधार हाच होता; विरोधकांचं बोट शेतीच्या नोंद १४वर आणि बाजाराच्या नोंद २८वर होतं. सूच्या समोर ठेवल्या तर तो वाद दहा मिनिटांत नीट मांडता येतो.

पेट्रोलचं उदाहरण सगळ्यांना जवळचं आहे. राज्य सूचीतली नोंद ५४ आधी वस्तूंच्या विक्रीवरच्या कराची व्यापक नोंद होती. १०१व्या दुरुस्तीनंतर तिच्यात सहाच वस्तू उरल्या: कच्चं तेल, डिझेल, पेट्रोल, नैसर्गिक वायू, विमानाचं इंधन आणि मानवी सेवनासाठीचं मद्य. म्हणून पेट्रोलवरचा व्हॅट राज्याराज्यांत वेगळा. पुढचा बारकावा मात्र फार थोड्यांना माहीत असतो. पहिल्या पाच वस्तूंवर जीएसटी कधीपासून लावायचा ती तारीख जीएसटी परिषदेने शिफारस करायची आहे, अनुच्छेद २७९क(५). मद्य मात्र अनुच्छेद ३६६ मधल्या जीएसटीच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. त्यामुळे पेट्रोल जीएसटीत आणायला घटनादुरुस्ती लागत नाही, मद्य आणायला लागते.

परिषदेतल्या मतांचं गणितही अनुच्छेदातच आहे. केंद्राच्या मताला एक-तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश. सगळी राज्यं एक झाली तरी ६६.६७ टक्केच होतात, म्हणजे केंद्र एकटं निर्णय अडवू शकतं. विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश धरून ३१ सदस्य हजर असतील तर केंद्राला सोबत २० लागतात, आणि विरोधात १२ गेले तर केंद्राचाही प्रस्ताव पडतो. मे २०२२ मध्ये मोहित मिनरल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत असं सांगितलं, हेही या अनुच्छेदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवा.

२४८ ते २५४ या सात अनुच्छेदांत संसद राज्यांच्या विषयात कुठून शिरते ते आहे. उरलेसुरले विषय केंद्राकडे (२४८). राज्यसभेने दोन-तृतीयांश मतांनी ठराव केला तर राष्ट्रहितासाठी, वर्षभरापुरता आणि पुन्हा ठराव करून वाढवता येईल असा अधिकार (२४९). आणीबाणीत (२५०). आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी (२५३). यातला २५२ नीट वाचा: दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून मागितलं तर संसद त्यांच्यासाठी राज्याच्या विषयावर कायदा करते, पण मग तो बदलायचा किंवा रद्द करायचा अधिकार त्या राज्यांकडे राहत नाही, आणि संसदेने रद्द केला तरी ती रद्दबातलता राज्यात आपोआप लागू होत नाही. नागरी जमीन कमाल धारणा कायदा हा असाच. केंद्राने तो १९९९ साली रद्द केला, महाराष्ट्राने ते रद्द करणं स्वीकारलं २००७ मध्ये. मधली आठ वर्षं इथे कायदा चालूच होता.

आरक्षणाच्या चर्चेत भाग घेणाऱ्याने ३४२क टीपांसकट वाचलाच पाहिजे. २०१८च्या १०२व्या दुरुस्तीने तो आला. मराठा आरक्षणाच्या खटल्यात ५ मे २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा अर्थ लावला की मागासवर्गांची यादी ठरवणं आता राष्ट्रपतींकडे, राज्यांकडे नाही. त्याच वर्षी १०५वी दुरुस्ती आली: राष्ट्रपतींची यादी ही केंद्राच्या प्रयोजनांसाठीची असं स्पष्ट झालं, आणि खंड (३) ने राज्यांना स्वतःची यादी ठेवण्याचा अधिकार दिला. अधिकार राज्याच्या हातून जाणं आणि परत येणं, दोन्ही एकाच पानावर.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी अनुच्छेद ३७१(२)ही काढावा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांच्या पुरेशा संधी, यांची राज्यपालांवर विशेष जबाबदारी. शब्द आहेत ‘राष्ट्रपती आदेशाद्वारे तरतूद करू शकतील’ अशा अर्थाचे. आदेश नसेल तर मंडळ नाही. अनुच्छेद एकटा काही उभं करत नाही.

आता उणिवा. सगळ्यात मोठी ही, की न्यायालयाने लावलेला अर्थ या पुस्तकात नसतो, दुरुस्ती रद्द झाल्याच्या टीपा सोडल्या तर. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी आलेला मूलभूत संरचनेचा सिद्धान्त, म्हणजे घटनेचा गाभा संसदेला बदलता येत नाही हे तत्त्व, संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावरची सगळ्यात मोठी मर्यादा आहे. अनुच्छेद ३६८च्या मजकुरात त्याचा एक शब्द नाही. मजकूर तोच राहून अर्थ पालटतो, तेही इथे दिसत नाही. राज्य सूचीतली मद्याची नोंद ८ घ्या. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी औद्योगिक अल्कोहोल त्यात येत नाही म्हटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी ते येतं असं ठरवलं. आसवनी असलेल्या प्रत्येक साखर कारखान्याशी संबंध असलेली ही गोष्ट, आणि नोंदीतलं अक्षरही बदललेलं नाही. म्हणून टिप्पणीसह असलेली, निकालांचे संदर्भ देणारी एक प्रत शेजारी हवी. खासगी प्रकाशकांच्या चांगल्या बेअर अ‍ॅक्टमध्ये (कायद्याचा मूळ मजकूर छापणाऱ्या पुस्तकात) हे थोडक्यात असतं.

मराठी पाठाबद्दल: परिभाषा काटेकोर आहे, वाक्यं लांब आहेत. अर्थ लागेना तर परंतुक बाजूला ठेवून आधी मुख्य वाक्य वाचा, मग परंतुक, मग स्पष्टीकरण. पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधून सापडला नाही तर तो तिथे नाही असं समजू नका. फॉण्टमुळे शोध चुकू शकतो, अनुक्रमणिकेतून जा. अर्जात किंवा न्यायालयीन कामात उतारा द्यायचा असेल तर इंग्रजी पाठाशी ताडून मगच द्या.

नंदलाल बोस यांच्या चमूच्या चित्रांनी सजलेल्या हस्तलिखित घटनेच्या प्रतिकृतीबद्दल बरेच जण विचारतात. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं अक्षर पाहण्यासाठी ती जरूर घ्यावी, पण तिचा मजकूर १९४९चा आहे. त्यात मालमत्तेचा हक्क अजून मूलभूत हक्कांत आहे, मूलभूत कर्तव्यं नाहीत, पंचायतींचा भाग नाही आणि जीएसटी नाही. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला एकच प्रत घ्यायची असेल तर तळटीपा असलेली, अलीकडची, मोठ्या आकाराची छापील आवृत्ती घ्या, आणि पुढची दुरुस्ती आली की तिचा अधिनियम छापून त्याच प्रतीत चिकटवा. अधिनियम सहसा काही पानांचाच असतो.